लाकडाच्या लेथवर स्क्रॅपर: कोणता घ्यायचा, कसा लावायचा

स्क्रॅपर लावल्यावर टूलरेस्टवर, म्हणजे टूल टेकवायच्या आधारावर, नुसता भुसा साचत असेल, तर हात आवरा आणि लेथ बंद करा. टूलला धार नाही. धार असलेल्या स्क्रॅपरमधून छिलके निघतात. ओल्या आंब्याचे लांब आणि कुरळे, कोरड्या शिसवीचे आखूड आणि बारीक, पण छिलकेच. नवशिक्यांच्या स्क्रॅपरबद्दलच्या बहुतेक तक्रारी या एका खुणेपाशी येऊन थांबतात. लाकूड ओरबाडलं जातं, टूल थरथरतं, पॉलिशपेपर घासून हात दुखतात, आणि दोष लाकडाला किंवा लेथला दिला जातो.

हा लेख लेथ सुरू-बंद करणं, लाकूड चकमध्ये (जबड्यांच्या पकडीत) किंवा फेसप्लेटवर (स्क्रूने जोडायच्या चकतीवर) बसवणं आणि गाऊजने, म्हणजे खोलगट पात्याच्या टूलने, ढोबळ आकार काढणं एवढं जमलेल्यांसाठी आहे. गाऊज अजून हातात बसला नसेल, तर तोही सोबत शिकत राहा. स्क्रॅपर त्याची जागा घेत नाही. गाऊज लाकूड काढतो, आकार देतो. स्क्रॅपर त्यानंतर येतो: गाऊजने उठलेल्या कडा पुसायला, वाडग्याचा तळ एकसारखा करायला, डबीच्या आतला कोपरा साफ करायला. चार किलोचा ओंडका स्क्रॅपरने गोल करणारेही असतात. होतो तो गोल, पण लेथच्या बेअरिंगला आणि खांद्याला विचारा.

आधी बर समजून घ्या

स्क्रॅपर म्हणजे जाड, सपाट पोलादी पट्टी. तिचं टोक खालच्या बाजूने घासून उतार दिलेला असतो, त्याला बेव्हल म्हणतात. गाऊज किंवा स्क्यू (तिरक्या धारेचं सपाट टूल) वापरताना बेव्हल लाकडावर टेकवून चालवायचा असतो. स्क्रॅपरचा बेव्हल लाकडाला कधीच टेकत नाही. ग्राइंडरवर टूल घासलं की धारेच्या वरच्या कडेला धातूची अगदी बारीक, वर वळलेली ओठासारखी कड तयार होते. फिटर लोक तिला बर म्हणतात आणि एरवी कानशीने काढून टाकतात. स्क्रॅपरमध्ये कापण्याचं काम तीच कड करते. सुताराच्या हातातल्या पातळ स्क्रॅपर पत्र्याचंही तेच आहे.

बर आहे की नाही ते बोटाला कळतं. अंगठा पात्याच्या वरच्या सपाट भागावर ठेवा आणि धारेच्या दिशेने बाहेर ओढा. कडेशी थोडं अडकल्यासारखं वाटलं तर बर आहे, अंगठा सरळ घसरला तर संपली आहे. अंगठा धारेवरून आडवा मात्र फिरवू नका.

ही बर नाजूक असते. ग्राइंडरवरून आलेली बर कडक लाकडात मिनिटभरात झिजू शकते, मऊ लाकडात थोडी जास्त टिकते. म्हणून ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर हवा. पोटमाळ्यावर ठेवला तर तुम्ही धार लावायला जाणार नाही, जोर लावाल.

काय विकत घ्यायचं

सुरुवातीला दोन पुरतात. पहिला २५ मिमी रुंदीचा, टोक गोलसर पण पूर्ण अर्धवर्तुळ नसलेला, डावी बाजूही थोडी खालपर्यंत घासलेला. वाडग्याच्या आतल्या कामाचा हा मुख्य गडी. दुसरा १२ ते २० मिमी रुंदीचा, चौकोनी टोकाचा. त्याची डावी बाजू पुढे मागे घासून तुम्ही त्याचा डबीचा स्क्रॅपर करू शकता. डायमंड पॉइंट, मणी काढायचे, हंसाच्या मानेसारखे वाकडे हे सगळे नंतर, गरज पडेल तसे घ्या. दहा टूलांच्या पेटीतले सहा तसेच पडून राहतात.

जाडी रुंदीइतकीच पाहा. स्वस्त संचातले स्क्रॅपर बरेचदा ४ ते ५ मिमी जाड असतात. बाहेरच्या बाजूच्या हलक्या कामाला ते चालतात. वाडग्याच्या आत मात्र टूल टूलरेस्टच्या बरंच पुढे जातं आणि पातळ पट्टी तिथे थरथरते. त्या थरथरीच्या रेघा लाकडावर उमटतात, मग त्या काढायला पुन्हा स्क्रॅपर, पुन्हा थरथर. मोठ्या स्क्रॅपरला ८ ते १० मिमी जाडी असेल तर पैसे वसूल. मूठही लांब हवी, निदान ४० सेंमी, आणि तिच्या तोंडाशी घट्ट धातूची साम हवी. मूठ तुम्हाला स्वतः लेथवर काढता येईल. बाभूळ किंवा शिसवीचा तुकडा त्यासाठी उत्तम.

पोलाद हायस्पीड स्टीलचं, म्हणजे एचएसएसचं घ्या. एम-२ हा त्यातला सर्वांत सहज मिळणारा प्रकार. त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं तरी त्याचा कडकपणा टिकतो. साध्या कार्बन स्टीलची धार ग्राइंडरवर निळी पडली की ती जागा मऊ झाली असं समजायचं. तो निळा रंग साधारण ३०० अंशांना येतो, आणि बारीक टोकाला तेवढं तापायला काही सेकंद लागतात.

लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची पट्टी करून घेणं हा आपल्याकडचा जुना आणि चांगला मार्ग आहे. जाडी मिळते, किंमत कमी पडते. ते कार्बन स्टीलच्या जातीचं, म्हणून घासताना वारंवार पाण्यात बुडवायचं. एचएसएसचं उलट आहे: तापलं तरी ते पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जाऊ शकतात, आपोआप निवू द्या.

जुनी कानस घासून स्क्रॅपर करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. ऐकू नका. कानस कडक असते, पण ठिसूळ. लाकडाने झटका दिला की ती मोडते, आणि तुकडा कुठे जाईल ते कोणाच्या हातात नसतं. बाकी बाबतींत मी जुगाडाच्या बाजूचा आहे, यात नाही.

कार्बाइडचं फिरवता येणारं टोक स्क्रूने बसवलेली टूल हल्ली ऑनलाइन सगळीकडे दिसतात. त्यांतली बहुतेक म्हणजे एक प्रकारचे स्क्रॅपरच, सपाट धरून वापरायचे. धार लावायची नसते, टोक बोथट झालं की थोडं फिरवायचं. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही, त्याला सुरुवात करायला बरी. पण एचएसएसच्या ताज्या बरीइतका साफ पृष्ठभाग त्यांच्याकडून सहसा मिळत नाही, आणि धार लावायला शिकणं तेवढं लांबतं.

धार: इथे वेळ घालवा

साधा ६ किंवा ८ इंची बेंच ग्राइंडर चालतो. आपल्याकडचे बहुतेक ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपासचे असतात. हाताचा दाब हलका ठेवला तर तेवढ्या वेगावरही काम होतं. सोबत आलेला करडा दगड काढून ८० किंवा १२० नंबरचा पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड लावा. करडा दगड लवकर गुळगुळीत होतो आणि कापण्याऐवजी तापवत बसतो. दगडाला अधूनमधून ड्रेसर (दगडाचा वरचा थर खरवडायचं अवजार) फिरवून ताजा करायचा.

आता क्रम असा.

१. ग्राइंडरचं टेबल असं लावा की टूल त्यावर सपाट ठेवल्यावर धारेचा कोन ७० ते ८० अंशांदरम्यान येईल. ७५ धरून सुरुवात करा. कोन अंशाअंशाने मोजत बसू नका, पण एकदा लावलेलं टेबल हलवू नका. दर वेळी तोच कोन आला तर धार लावणं दहा सेकंदांचं काम राहतं.

२. बेव्हलवर मार्करने शाई फासा. ग्राइंडर बंद ठेवून टूल टेबलावर ठेवा आणि दगड हाताने अर्धा वेढा फिरवा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी निघाली तर कोन जुळला. फक्त वर किंवा फक्त खाली निघाली तर टेबल थोडं हलवा.

३. ग्राइंडर सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या. टूल सपाट बाजू वर ठेवून हलकेच दगडाला लावा आणि मूठ डावीकडून उजवीकडे फिरवत गोल टोक एका ओघात घासा. मध्येच थांबलात की तिथे सपाट खड्डा पडतो.

४. ठिणग्या धारेवरून, पात्याच्या वरच्या बाजूने वाहू लागल्या की घासणं धारेपर्यंत पोहोचलं. एक फेरी आणखी, मग थांबा.

५. अंगठ्याने बर तपासा आणि सरळ लेथवर जा. ती बर दगडावर घासून काढू नका.

पुन्हा धार लावण्याआधी मात्र वरची सपाट बाजू बारीक तेलदगडावर दोनतीनदा सपाट फिरवून जुनी, मोडकी बर काढून टाकावी. नवी बर त्यावर साफ येते.

बर्निशर वापरून बर वळवायची दुसरी रीत आहे. त्यात ग्राइंडरची बर आधी काढतात आणि कार्बाइडची गुळगुळीत कांडी धारेला दाबून, किंचित तिरकी ठेवून एकदा ओढतात. ही बर जास्त घट्ट येते आणि टिकतेही जास्त. पहिल्या काही महिन्यांत तिच्या मागे लागायचं कारण नाही.

टूलरेस्ट आणि उंची

लेथवर उभं राहण्याआधी चेहरा पूर्ण झाकणारं शील्ड लावा, नुसता चष्मा पुरत नाही. सैल बाह्या, ओढणी, अंगठी, हातमोजे काहीही नको. हातमोजे लोक संरक्षणासाठी घालतात आणि तेच गुंडाळले जातात. शिसवी आणि सागाची बारीक धूळ बऱ्याच जणांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून मास्कही हवा. टूलरेस्ट हलवायची तर लेथ थांबवूनच.

वेगाचा ढोबळ हिशोब असा: वाडग्याचा व्यास इंचांत घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० मध्ये यायला हवं. ८ इंची वाडग्याला ७५० ते ११२५ फेऱ्या. लाकूड वेडंवाकडं असेल, तडा असेल, तर याच्या बऱ्याच खाली.

उंचीचा नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या, मग तो विसरत नाही. स्क्रॅपरला झटका बसतो तेव्हा लाकूड टोकाला खाली ओढतं. खाली ओढलेलं टोक मोकळ्या जागेत गेलं तर काही होत नाही, लाकडात घुसलं तर झटका मोठा होतो. वाडग्याच्या आत काम करताना आतली भिंत मध्यरेषेच्या, म्हणजे लाकूड ज्या अक्षाभोवती फिरतं त्याच्या, उंचीला सर्वांत दूर असते. म्हणून टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवलं तर झटक्याने ते मोकळं सुटतं. बाहेरच्या बाजूने उलट: लाकडाचा फुगवटा मध्यरेषेला तुमच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हा टोक तिथे किंवा किंचित खाली ठेवायचं.

दोन्हीकडे टूल टूलरेस्टवर सपाट बसलेलं हवं आणि मूठ टोकापेक्षा वर, म्हणजे टोक किंचित खाली झुकलेलं. मूठ खाली गेली आणि टोक वर उचललं गेलं की बर लाकडात खणायला लागते. नवशिक्यांना बसणाऱ्या झटक्यांचं हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे एकाच वेळी धारेचा फार मोठा भाग लाकडाला लावणं. स्क्रॅपरचा गोलवा वाडग्याच्या गोलव्यापेक्षा आवळ हवा, म्हणजे एका वेळी थोडीच धार लागते. दोन्ही गोलवे तंतोतंत जुळले तर बघायला छान वाटतं आणि पुढच्या क्षणी टूल हातातून हिसकलं जातं.

वाडग्याच्या आत

पहिला सराव सुकलेल्या सागाच्या किंवा शिवणीच्या ६ इंची वाडग्यावर करा. पांगारा किंवा सावरीसारखं मऊ लाकूड सध्या बाजूला ठेवा, त्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, स्क्रॅपरखाली दबतात आणि उपटल्या जातात.

टूलरेस्ट वाडग्याच्या आत शक्य तितकी नेऊन लावा. शक्य असेल तर वाकडी टूलरेस्ट घ्या. मूठ कमरेशी, कोपर अंगाला टेकलेलं. लेथ सुरू करा, टोक आधी टूलरेस्टवर टेकवा, नंतरच लाकडाला लावा. हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नका. मग तळाच्या वळणावरून मध्याकडे, एका ओघात, हाताचं वजन न टाकता फिरवा. हालचाल हातांनी नव्हे, कमरेतून करायची. मध्यबिंदूशी आलात की थांबा. त्यापलीकडे लाकूड वरच्या दिशेने फिरत असतं आणि टूल उचलून फेकतं.

आवाज ऐकत राहा. साफ कापताना हलका सळसळ आवाज येतो. तो किंचाळू लागला तर भिंत थरथरते आहे किंवा टूल जास्त बाहेर आलं आहे. दाब कमी करा, वेग थोडा बदला, टूलरेस्ट जवळ घ्या.

काठाजवळ, भिंत पातळ झाल्यावर, साधा सपाट स्क्रॅपर नेऊ नका. हे मी सगळ्या नव्या लोकांना सांगतो आणि बरेच जण तरीही नेतात. आतलं लाकूड निघालं की वाडगा किंचित आकार बदलतो, काठ गोल राहत नाही, पातळ भिंत लवते. स्क्रॅपर लागला की ती कंप पावते आणि फुटू शकते. काठ गाऊजने आधीच पूर्ण करून घ्यायचा, मग खाली सरकायचं, आणि परत वर यायचं नाही. स्क्रॅपरचं राज्य खालच्या तिसऱ्या भागात.

बाहेरून, तिरका धरून

आडव्या रेषेच्या वाडग्यावर दोन समोरासमोरच्या जागा नेहमी खरखरीत राहतात. तिथे रेषांची तोंडं धारेला भिडतात आणि उपटली जातात. यावर सर्वांत चांगला उपाय तिरका स्क्रॅप. टूल सपाट न ठेवता कुशीवर उभं करा, साधारण ४५ अंशांत, खालची एकच कड टूलरेस्टवर. धारेचा खालचा अर्धा भाग लाकडाला जेमतेम लावा, वरचा कोपरा दूर ठेवा. दाब जवळजवळ शून्य. नीट जमलं तर कापसाच्या तंतूंसारखे पांढुरके छिलके तरंगत निघतात आणि खरखरीत जागा बोटाला लागेनाशी होते.

यासाठी पट्टीच्या खालच्या कडा आधी कानशीने किंवा बेल्टने गोल करून घ्या, नाहीतर त्या टूलरेस्टवर अडतील. टूलरेस्टवरही खाचा पडल्या असतील तर सपाट कानस फिरवून त्या काढा आणि थोडं मेण घासा.

तरीही रेषा उपटल्या जात असतील तर त्या जागेवर चपडा पॉलिशचा पातळ हात द्या, वाळू द्या आणि ताज्या धारेने एकदाच फिरवा. चपड्याने तंतू ताठ उभे राहतात आणि कापले जातात. कीड लागलेल्या, ठिसूळ झालेल्या आंब्यावर हा उपाय फार उपयोगी पडतो.

निगेटिव्ह रेक नावाचा आणखी एक प्रकार असतो. त्यात टूलच्या वरच्या बाजूलाही उतार दिलेला असतो, म्हणजे धार मधोमध येते. वर ३० आणि खाली ३० अंश ही सोपी सुरुवात. मूठ वर न उचलता टूल मध्यरेषेवर आडवं, सपाट धरायचं. झटका बसण्याची भीती खूप कमी. शिसवी, चिंच, खैर अशा घट्ट लाकडांवर आणि ॲक्रिलिकवर पृष्ठभाग सुरेख येतो, पण त्याची बर सेकंदांत संपते, दर दोन-चार फेऱ्यांनी ग्राइंडर.

खुंटा आणि करंडा

चौकोनी स्क्रॅपरची दोन कामं आधी शिका. एक म्हणजे चकच्या जबड्यात धरायचा खुंटा. जबडे तिरपे असतील तर खुंट्याची बाजूही तशीच आत कललेली हवी. टोक थोडं तिरपं घासलेला स्क्रॅपर सरळ आत ढकलला की तो आकार निघतो. खुंट्याचा खांदा सपाट करा, वाडगा जबड्याच्या तोंडावर टेकला पाहिजे, खुंट्याच्या टोकावर नाही.

दुसरं काम डबीचं, म्हणजे कुंकवाच्या लाकडी करंड्यासारखी उभ्या रेषेची छोटी डबी. इथे रेषांची तोंडं तळाला असतात, म्हणून स्क्रॅपर मध्यापासून बाहेर, भिंतीकडे फिरवायचा. वाडग्याच्या नेमकं उलट. तळ सपाट झाला की डावी बाजू घासलेला चौकोनी स्क्रॅपर भिंतीवर न्या. त्याचा पुढचा कोपरा ९० अंशांपेक्षा थोडा कमी ठेवलेला असेल तर एका वेळी तळ किंवा भिंत यांपैकी एकच जागा लागते. दोन्ही एकदम लागले तर डबी चकमधून निसटते. झाकणाची खाच शेवटी, केसाकेसाने. दर वेळी लेथ थांबवून झाकण बसवून बघा. झाकण दाबल्यावर हवा हळूच बाहेर पडल्याचं जाणवलं की पुढे एकही फेरी मारू नका.

पॉलिशपेपर या सगळ्यानंतर. स्क्रॅपर नीट लागला असेल तर १५० किंवा १८० नंबरपासून सुरुवात होते, मग २४०, ३२०. हाताने ८० चा कागद उचलायची वेळ आली, तर कागद ठेवा आणि आधी ग्राइंडर सुरू करा.